सगळ्या मुलांची आई

मी वाईट बाई आहे, असं अख्ख्या तमिळ मुलखाचं मत होतं आणि ते मत तयार करायला मी निम्मं आयुष्य घालवलं होतं. पडद्यावर मी आले की बायका बोटं मोडायच्या. नाकात दोन्हीकडे चमक्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडात विडा आणि समोर एक रडवेली सून, एवढं जमलं की माझं काम सुरू. सुनेच्या ताटातलं वाढलेलं काढून घे, तिच्या माहेरचं पत्र चुलीत घाल, मुलाचे कान भर. हे सगळं मी इतकं मन लावून केलं की तिरुनेल्वेलीच्या बाजारात एका भाजीवालीने मला कढीपत्ता द्यायचं नाकारलं होतं. तिच्या टोपलीत कढीपत्ता ढीगभर होता. तुझ्या घरात फोडणी देणारी सून सुखी नाही, म्हणाली, तुला कशाला हवा?

घरात सून नव्हती. मुलगाच नव्हता तर सून कुठून येणार? आमच्या कोडंबाक्कमच्या घरात मी, माझे यजमान आणि त्यांची हार्मोनियम अशी तीन माणसं राहत होती. हार्मोनियम माणसात धरते, कारण घरात तिचंच जास्त ऐकलं जायचं.

मुत्तरसू आमच्या ओसरीवर पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, आणखी एक सासू घेऊन आला असेल. तरुण पोरगा, दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा, चप्पल दारात काढतानाही घाबरलेला. म्हटलं, तंबी, धाकट्या भावा, विष कोणाला घालायचंय ते आधी सांग. तो म्हणाला, विष नाही, आईचं काम आहे. मी हसले. आईची कामं सुगुणादेवी करायची. पांढरं पातळ, कपाळाला विभूती, नायक दिसला की डोळ्यांत पाणी. देवाने तिला त्यासाठीच घडवलं होतं आणि निर्मात्यांनी दुसऱ्या कोणाकडे कधी पाहिलंही नव्हतं.

"सुगुणाम्मा रडणार हे लोकांना तिकीट काढतानाच ठाऊक असतं," तो म्हणाला. "तुमचे डोळे भरले तर लोक दचकतील. मला ते दचकणं हवंय."

गोष्ट साधी होती. मुलगा दुसऱ्या जातीतली मुलगी करून आणतो, दोन्ही घरं दारं लावून घेतात. मुलगा पोटासाठी जहाजावर निघून जातो, मुलगी दिवस गेलेली, एकटी. आणि ही आई, जिने सगळ्यात आधी दार लावलेलं असतं, तीच शेवटी गावादेखत त्या मुलीच्या झोपडीत चालत जाते, हाताला धरून घरी आणते, मांडवात बसवते आणि तिच्या हातात बांगड्या भरते. त्या बांगड्यांवर सिनेमा संपतो. ऐकता ऐकता माझा विडा तोंडातच राहिला. हे काम मला हवं होतं. इतकं की यजमानांनी आतून पैशांचं विचारून घे म्हणून खूण केली, ती मी पाहिली नाही असं केलं.

कारण सांगते. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला सातवा महिना लागला तेव्हा घरात पोटुशीला बांगड्या भरायचा सोहळा होता. मी मद्रासहून काचेच्या बांगड्यांचा करंडा घेऊन गेले, लाल-हिरव्या, निवडून निवडून. बहिणीने मला गोडीगुलाबीने स्वयंपाकघरात नेलं. अक्का, नारळीभाताकडे जरा बघशील का, तुझ्या हाताला चव आहे. भात कधीच झालेला होता. बाहेर बायका एकेक करून मुलीच्या गालांना चंदन लावत होत्या आणि मी झालेल्या भातावर झाकण ठेवून बसले होते. मुलं नसलेल्या बाईचा हात पोटुशीच्या हाताला लागू नये म्हणून मला आत ठेवलं होतं. बहीण तोंडाने काही बोलली नाही. बोलली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

तर शूटिंग सुरू झालं. मदुरैच्या पलीकडे, वैगईच्या काठाला मेलक्काडु नावाचं गाव. सुनेचं काम कयल करत होती. कयलविळी तिचं पूर्ण नाव, पण एवढं मोठं नाव हाक मारायला वेळ कोणाला? आणि पहिल्याच टप्प्यात कळलं की कयलला खरोखरच दिवस गेलेत. निर्माते शेट्टियार गरम झाले. कपाळाला हात लावून म्हणाले, आता हिचं पोट लपवायला मी केळीची पानं किती आणू? मुत्तरसू मात्र खूश. लपवायचं कशाला, म्हणाला. गोष्टीतली मुलगी पोटुशी, आमची मुलगी पोटुशी, उशी बांधायचा खर्च वाचला. आणि त्याने शेवटचा प्रसंग तिच्या सातव्या महिन्यात घ्यायचा ठरवला.

कयलचं माहेर तुटलेलं होतं. ती सिनेमात गेली त्या दिवशी बापाने तिच्या नावाने आंघोळ केली होती. तिने आपणहून लग्न केलं तेव्हा सासरच्यांनीही तेच केलं असावं. नवरा कॅमेऱ्याच्या खात्यात, साधा, गरीब. तिच्या हातात बांगड्या भरायला कोणी येणार नव्हतं. हे तिने गावातल्या एका बाईला कालव्यावर कपडे धुताना सांगितलं आणि दुपारपर्यंत ते गावभर झालं.

मेलक्काडुच्या बायकांनी मग आपसांत एक ठरवलं आणि आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. शूटिंगच्या सकाळी त्या मांडवात आल्या त्या नटून. आम्ही गर्दीसाठी बायका सांगितल्या होत्या, त्याच्या तिप्पट आल्या. डोक्यावर पितळी भांडी. चिंचेचा भात, लिंबाचा, नारळाचा, तिळाचा, दहीभात. कडुलिंबाच्या काडीचं कंकण, वाटलेलं चंदन, अबोलीचे गजरे. मुत्तरसू आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. एवढी तयारी आपल्याला फुकट, म्हणाला. त्याला वाटलं, बायका सिनेमासाठी आल्यात. बायका सिनेमासाठी आल्याच नव्हत्या. त्या कयलच्या बांगड्यांना आल्या होत्या. कॅमेरा मध्येच उभा होता, तर असू दे बिचारा, असं त्यांचं चाललं होतं.

हे मला कधी कळलं? कयल पाटावर बसली, दिवे लागले, मुत्तरसूने मला हाताने खूण केली, मी चंदनाच्या वाटीत बोट बुडवलं आणि माझं मनगट कोणीतरी धरलं.

पेच्ची पाट्टी, म्हणजे पेच्ची आजी. गावातली सगळ्यात म्हातारी बाई. कान लोंबून खांद्याला टेकलेले, त्यांत सोन्याचे जड पांपडम, आणि पकड अशी की बैलाचा कासरा धरावा. इतके दिवस ती आमच्या शूटिंगला येऊन एका कोपऱ्यात पान कुटत बसायची. मला वाटायचं, झोपलेली असते.

"तू नाही," ती म्हणाली.

मुत्तरसू धावत आला. पाट्टी, हा अभिनय आहे, खोटं खोटं आहे, म्हणून समजवायला लागला. पाट्टीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बांगड्या काचेच्या आहेत ना, विचारलं. काचेच्या. चंदन आमच्या घरचं. हो. पोट?

"पोट खरं आहे ना रे? मग यातलं खोटं काय?"

मागून बायकांचा गलका सुरू झाला. हिने सुनेच्या बांगड्या दगडावर फोडल्या होत्या, मी मदुरैला पाहिलंय. हिने डोहाळजेवणाच्या भातात मीठ ओतलं होतं. हिचा हात लागला की त्या घरात भांडण ठरलेलं. एकीने तर आपल्या पोरीला माझ्या नजरेपुढून बाजूला ओढलं. मग पाट्टीने हात वर केला आणि सगळ्या गप्प झाल्या. तिने अगदी शांतपणे विचारलं, चिडून नाही, चौकशी करावी तसं:

"मुलं किती गं तुला?"

खोटं सांगता आलं असतं. दोन आहेत, मद्रासला शिकतायत, म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? पण पाटावर ती पोरगी बसली होती, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, आणि तिच्या अंगावर खोटं टाकायला माझी जीभ उचलेना. नाहीत, म्हटलं. देवाने दिली नाहीत.

पाट्टीने माझं मनगट सोडलं, तेही हळूच, आणि म्हणाली, "मग तूच सांग, मी काय करू?"

शेट्टियार मागे खुर्चीत होते. त्यांनी उठून मुत्तरसूला बाजूला घेतलं, पण आवाज त्यांचा मुळातच मोठा. सुगुणादेवीला निरोप धाडतो, म्हणाले, उद्या ती इथे येईल, हिचे आधीचे तुकडे पुन्हा घेऊ. नाहीतरी आईच्या कामाला ही बाई मला पहिल्यापासून पटली नव्हती. मुत्तरसू खाली मान घालून उभा. त्याचा पहिला सिनेमा, पैसा शेट्टियारांचा, तो काय बोलणार? कॅमेरावाल्याने वर पाहिलं आणि ऊन सरकतंय एवढंच सांगितलं. एका बाईने मोठ्या मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, अम्मा, तुम्ही दमलात, आत सावलीत बसा ना जरा.

आत. सावलीत. भाताकडे बघ जरा.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी पडद्यावर संतापत आले, पण खरा संताप कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. त्याने आवाज चढत नाही, उलट उतरतो. मी पदर खोचला आणि पाट्टीसमोर मांडी घालून बसले.

"पाट्टी, मी वाईट आहे हे तुम्ही कुठे पाहिलंत?"

"मदुरैला. टॉकीजात."

"डोळ्यांनी?"

"मग काय कानांनी?"

"म्हणजे ते खरं."

"पाहिलंय म्हटल्यावर खरंच."

"मी सुनेच्या बांगड्या फोडल्या. बरोबर. ती सून कोणाची?"

"तुझी."

"तिचा नवरा कोण?"

पाट्टी कुटलेलं पान तोंडात टाकणार होती, तो हात वरच राहिला. "तुझा मुलगा," ती म्हणाली.

"कोणाचा?"

मी बायकांकडे वळले. म्हटलं, माझा दुष्टपणा खरा, तर माझी मुलंही खरी. एक काहीतरी धरा. मी कोणाची आई नाही म्हणता, तर मग मी कोणाची सासूही नाही, आणि त्या बांगड्या मी फोडल्याच नाहीत. आणि फोडल्या म्हणता, तर या मांडवात माझ्याएवढे मुलगे कोणी वाढवलेत आणि माझ्याएवढी लग्नं कोणी लावलीत, तिने पुढे यावं.

कोणी पुढे आलं नाही. मग मागून एक आवाज आला, चाचरत. तो पोलिसात गेलेला, तोही तुमचाच ना? म्हटलं, माझाच, थोरला. दुसरी म्हणाली, आणि तो दारूपायी जमीन घालवणारा? तो मधला, म्हटलं, त्याचं नाव काढू नका, अजून जीव जळतो. सिंगापूरला गेला आणि मडमीण घेऊन आला तो? तोही. रेल्वेखाली मरता मरता वाचलेला? त्याच्यासाठी मी समयपुरमच्या देवीला नवस केला होता, रीळभर. बायकांना आता चेव चढला. एकीला आठवावा तर दुसरी तिला खोडून काढत होती, अगं तो हिचा नाही, सुगुणादेवीचा. दोघींची तिथे जुंपली आणि मी निवाडा दिला की तो माझ्या जावेचा.

पेच्ची पाट्टी सगळं ऐकत होती. शेवटी तिने पान तोंडात टाकलं.

"एवढे मुलगे," ती म्हणाली, "आणि एकालाही धड वळण लावलं नाहीस."

"नाही लावलं," म्हटलं. "सगळे बाईलवेडे निघाले."

आधी तिचे पांपडम हलले, मग खांदे, मग ती म्हातारी पोट धरून हसली आणि सगळा मांडव तिच्यामागे. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले, आणि मग चेहरा एकदम कडक केला.

"तुझं म्हणणं न्यायाचं आहे. तू मुलांची आई आहेस, मला मान्य. ऊठ. पण माझ्या डोळ्यांदेखत भरायच्या. एक जरी बांगडी वाढली तर तुला नदीपलीकडे पोहोचवीन."

शेट्टियार काही बोलायला निघाले होते. पाट्टीने त्यांना, तुम्ही पुरुष आहात, बसा, एवढंच सांगितलं. ते बसले.

मुत्तरसू माझ्याजवळ आला. एकदाच घेऊ, अम्मा, म्हणाला, बायका दुसऱ्यांदा करू देणार नाहीत. मलाही दुसऱ्यांदा नको होतं. एकाच पोरीच्या हातात एकच आई दोनदा काय भरणार? क्लॅपचा आवाज झाला आणि मी पाटाजवळ बसले.

कयलचे हात सुजले होते. सातव्या महिन्यात सुजतातच. बांगड्या आणल्या होत्या तिच्या जुन्या मापाच्या, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पाट्टीची नजर माझ्या बोटांवर होती. गंमत बघा, पडद्यावर बांगड्या फोडायला लागतात म्हणून मी कधीकाळी एका वळैयल शेट्टीकडून, म्हणजे बांगड्या भरणाऱ्याकडून, काच कुठे दाबली की तडकते ते शिकले होते. आज तिथे तिथे दाबायचं नव्हतं. कडुलिंबाचं कंकण आधी सरकलं. मग मी तिचा अंगठा तळव्यात दुमडला, चंदनाचं बोट हाताभोवती फिरवलं आणि पहिली हिरवी बांगडी पेराला टेकवली. ती अडकली. कयलने श्वास धरून हात ताठ केला.

माझ्यासाठी मुत्तरसूने लांबलचक संवाद लिहिला होता. मातृत्व, रक्त, क्षमा, सगळं त्यात होतं. त्यातला एक शब्द मला आठवला नाही. तोंडातून आलं ते हे:

"हात सैल सोड गं, ओंडक्यासारखी काय बसलीस! मी आहे ना."

ती हसली. हसली आणि हात सैल पडला आणि बांगडी मनगटावर गेली. मग लाल, मग हिरवी. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले आणि माझेही, आणि मला वाटतं त्या वेळी कॅमेरा कुठल्या बाजूला आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. शेवटची बांगडी गेली तेव्हा पेच्ची पाट्टीने तोंडाजवळ हात नेला आणि जीभ हलवून कुलवै घातली, लांबच लांब, सणासुदीला देवीपुढे घालतात तशी. तिच्यामागे सगळ्या बायकांनी. एकही बांगडी वाढली नव्हती.

मुत्तरसूने कट म्हटलं. कोणी ऐकलं नाही. बायकांच्या दृष्टीने समारंभ आत्ता सुरू होत होता. एकेक जण येऊन चंदन लावत राहिली, कयलचे हात कोपरापर्यंत भरले, भांडी उघडली, पानं मांडली, आणि शेट्टियार चिंचेचा भात तिसऱ्यांदा मागून घेत होते. सुगुणादेवीला निरोप गेलाच नाही. पाट्टीने मला कयलच्या उजव्या हाताला बसवलं आणि माझ्या पानावर स्वतः वाढलं. स्वयंपाकघरात कोण होतं मला माहीत नाही. मी बाहेर होते.

कयलला मुलगी झाली. सिनेमा पोंगलला लागला. मद्रासच्या लोकांनी मला फोन करून चांगलं चांगलं सांगितलं, पण मद्रासच्या लोकांच्या चांगल्याला मी काय ओळखत नाही? मी यजमानांना म्हटलं, मला मदुरैला नेऊन बायकांच्या बाकड्यांवर बसवा. चमक्या काढल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि दुपारच्या खेळाला एकटी आत शिरले.

मी पडद्यावर पहिल्यांदा आले तशी नेहमीप्रमाणे बोटं मोडायचा आवाज झाला. माझ्या पुढची बाई म्हणाली, आली सटवी. झोपडीचं दार मी लावून घेतलं तेव्हा आणखी शिव्या. मग ती आई उन्हात चालत त्या झोपडीकडे निघाली आणि शिव्या हळूहळू थांबल्या. मांडव आला. बांगडी अडकली. सगळं टॉकीज श्वास धरून बसलं होतं, कारण या बाईने पूर्वी काय काय फोडलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. ओंडक्यासारखी काय बसलीस, मी म्हणाले, आणि ते दचकणं मी माझ्या अंगावरून जाताना अनुभवलं. लोक हसले, आणि हसताना नाकं ओढायला लागले.

पडद्यावर पाट्टीने कुलवै घातली. आणि त्या अंधारात, माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी तिला उत्तर दिलं. मग डावीकडून. मग सगळ्या बाकड्यांवरून, शे-दीडशे बायका, पोरं मांडीवर घेऊन, तोंडाजवळ हात नेऊन. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या. कुलवै थांबेना, पडद्यावरची नावं संपली तरी थांबेना. मी आयुष्यात पुष्कळ टाळ्या घेतल्यात, पण तशी मी कधीच जिंकले नव्हते, आणि हे मी कोणालाही तोंडावर सांगायला तयार आहे.

दिवे लागले. शेजारची बाई पदराने चेहरा पुसत होती. तिने मला ओळखलं नाही. स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, या बाईला स्वतःची पुष्कळ मुलं असणार बघा, त्याशिवाय असा हात चालत नाही.

"पुष्कळ आहेत," मी म्हटलं. "मी ओळखते तिला. घर भरलेलं आहे."